शिलेदाराची तसबीर आणि वऱ्हाडचा वसूल

इतिहासाच्या साधनांचा विचार करताना आपल्याकडे बखरी, सनदा, पत्रव्यवहार, नाणी व शिलालेख यांचा प्रथम निर्देश होतो, आणि तो योग्यच आहे. छायाचित्र मात्र पुष्कळ काळ ग्रंथाच्या शोभेपुरते राहिले. मजकूर आधी सिद्ध व्हावयाचा आणि मग त्याच्या शेजारी एखादे चित्र बसवावयाचे, अशी रीत पडली. एकोणिसाव्या शतकातील लष्करी व्यक्तिचित्रांच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष जाणवते. डोक्यास फेटा, कमरेस तलवार, छातीवर एखादे पदक, नजर समोर रोखलेली. आणि खाली केवळ ‘एक स्वार’ किंवा ‘एतद्देशीय अंमलदार’ एवढीच अक्षरे. वाचक क्षणभर थांबतो व पान उलटतो.

प्रस्तुत लेखात हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या अशा चित्रांचा विचार करावयाचा आहे. ही फौज निजामाच्या नावाने उभी होती, तिच्यावरील वरिष्ठ अधिकारी इंग्रज होते, आणि १८५३ पासून तिचा खर्च वऱ्हाडच्या उत्पन्नातून भागविला जात असे. तिच्या अधिकाऱ्यांची व सैनिकांची चित्रे ‘हैदराबाद’ किंवा ‘सिकंदराबाद’ या सदराखाली लावली जातात. अमरावती, अकोला, एलिचपूर ही नावे त्यांच्याशी कोणी जोडीत नाही. त्यामुळे वऱ्हाडच्या अभ्यासकाने ही चित्रे आपली साधने म्हणून सहसा पाहिलेली नाहीत. वस्तुतः त्या चित्रांतील माणसाचा पगार ज्या जमाखर्चातून निघाला, तो जमाखर्च वऱ्हाडचा होता. चित्र आणि जमाखर्च शेजारी शेजारी ठेवल्यावाचून दोहोंचाही पुरता अर्थ लागत नाही, असे आमचे मत आहे.

प्रथम फौजेविषयी. निजामाच्या राज्यात दोन वेगळ्या फौजा होत्या आणि त्यांची गल्लत पुष्कळदा होते. १८०० च्या तहाची तैनाती फौज ही कंपनीच्या मद्रास लष्कराचा भाग. तिचे मुख्य ठाणे सिकंदराबाद. कंटिंजंट ही दुसरी. १८०३ च्या नोव्हेंबरात आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे आणि डिसेंबरात गाविलगडावर नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला व देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड निजामाच्या वाट्यास आले. त्या युद्धात निजामाच्या स्वतःच्या पथकांची कामगिरी इंग्रजांस समाधानकारक वाटली नाही. पुढे हेन्री रसेल हा हैदराबादेस रेसिडेंट असताना इंग्रज अंमलदारांच्या हाताखाली कवायती पलटणी उभारण्यात आल्या. त्यांस रसेल ब्रिगेड असे नाव पडले. एलिचपूरचा नवाब सलाबतखान याच्या पदरच्या पलटणीही एलिचपूर ब्रिगेड या नावाने याच व्यवस्थेत सामील झाल्या. या सर्वांची मिळून पुढे कंटिंजंट बनली. बोलारम हे तिचे मुख्य ठाणे. औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद व एलिचपूर येथे तिच्या छावण्या होत्या. एलिचपूरच्या छावणीची जागा म्हणजे आजच्या अचलपुराशेजारील परतवाडा. छावणीस उन्हाळ्यात विसाव्याचे स्थान म्हणून चिखलदऱ्याचा उपयोग होई. ते ठिकाण १८२३ साली हैदराबादच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन याने इंग्रजांच्या नजरेस आणले.

फौज उभी राहिली, पण पगाराची तरतूद झाली नाही. पामर आणि कंपनी या पेढीने निजाम सरकारास भारी व्याजाने कर्जे दिली, ती बहुतांशी या फौजेच्या पगाराच्या निमित्ताने. वऱ्हाडचा वसूल सावकारांकडे गहाण पडण्याचा प्रकारही याच काळातला. अखेर इंग्रज सरकारचीच बाकी सुमारे पन्नास लाखांपर्यंत गेली. २१ मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब व नळदुर्ग हे प्रदेश फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांच्या व्यवस्थेखाली दिले. फौजेची संख्याही तहात ठरविण्यात आली : पायदळ ५,०००, घोडदळ २,००० आणि तोफखान्याच्या चार तुकड्या. १८६० साली रायचूर व नळदुर्ग परत गेले, कर्ज माफ झाले, आणि फौजेचा भार वऱ्हाडवरच राहिला. सार्वभौमत्व निजामाचे, कारभार अमरावतीस राहणाऱ्या कमिशनरचा, आणि त्या कमिशनरवर हुकूम हैदराबादच्या रेसिडेंटाचा, अशी ही विलक्षण घडी १९०३ पर्यंत चालली.

फौजेची आर्थिक घडी अशी बसत असतानाच छायाचित्रणाची कलाही बाल्यावस्थेतून बाहेर पडत होती. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज कलावंताने ओल्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली. १८५४ साली मुंबईस छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली व डॉ. भाऊ दाजी तीत होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः कुशल छायाचित्रकार होते. त्याच १८५४ साली पॅरिसमध्ये दिसदेरी याने एका काचेवर अनेक लहान चित्रे घेण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. त्यातून भेटकार्डाच्या आकाराची, सुमारे अडीच इंच रुंद व चार इंच उंच पुठ्ठ्यावर चिकटविलेली तसबीर निघाली. तिला ‘कार्त द व्हिझीत’ म्हणत. १८५५ साली रॉजर फेंटन याने क्रिमियाच्या रणभूमीवर इंग्रज सेनाधिकाऱ्यांची चित्रे घेतली आणि सेनाधिकाऱ्याची छायाचित्रे हा प्रकार यूरोपात सर्वतोमुखी झाला. कंपनीच्या सेनाधिकाऱ्यांस शिक्षण देणाऱ्या इंग्लंडमधील ॲडिसकोंब येथील विद्यालयात त्याच सुमारास छायाचित्रण हा शिक्षणाचा विषय ठरला. १८५७ च्या उठावानंतर फेलिचे बेआतो हा छायाचित्रकार हिंदुस्थानात आला व त्याने विजयी पलटणींची समूहचित्रे घेतली. हैदराबाद कंटिंजंट त्या वेळी सर ह्यू रोझ याच्या हाताखाली मध्य हिंदुस्थानात, झाशी व काल्पीच्या मोहिमेत लढत होती. ‘सेंट्रल इंडिया’ ही अक्षरे असलेली पट्टी ज्या पदकाच्या फितीवर दिसते ते पदक या मोहिमेचे.

ओल्या काचेच्या पद्धतीचे थोडे वर्णन येथे आवश्यक आहे. कारण चित्रातील माणूस असा ताठ व कठोर का दिसतो याचे अर्धे उत्तर त्या पद्धतीत आहे. कापसावर नत्राम्ल व गंधकाम्ल यांची क्रिया करून जो स्फोटक पदार्थ होतो त्याला गनकॉटन म्हणतात. तो इथर व मद्यार्क यांच्या मिश्रणात विरघळविला की मधासारखा चिकट द्राव मिळतो, तो कलोडियन. (ज्या प्रांताचे सर्व ऐश्वर्य कापसावर, त्या प्रांताच्या फौजेची चित्रेही कापसाच्याच पुटावर उमटावी, हा योगायोग मौजेचा खरा.) हा द्राव काचेवर सारखा पसरावयाचा, ती काच काळोखात सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून प्रकाश द्यावयाचा आणि लगेच हिराकशीच्या पाण्याने चित्र उमटवावयाचे. काच सुकली की सारे व्यर्थ. थंड देशात या सर्वांस दहा-पंधरा मिनिटे मिळत. आपल्याकडील उन्हाळ्यात त्याहून कितीतरी कमी. इथर हा द्रव सुमारे ३५ अंश सेल्सियसलाच उकळू लागतो, आणि अकोल्याचा वैशाख ४० अंशांच्या पुष्कळ वर जातो. म्हणजे मे महिन्यात अकोल्यास कलोडियनची बाटली उघडणे हेच एक संकट. उष्ण प्रदेशांत काम करणारे लोक इथर कमी व मद्यार्क अधिक घालीत, पहाटे काम उरकीत किंवा हिवाळ्याची वाट पाहत. लष्करी कवायतींचा हंगामही हिवाळ्याचाच असल्याने फौज आणि छायाचित्रकार यांचे वेळापत्रक आपोआप जुळे.

काचेवर प्रकाश देण्यास काही सेकंद लागत. तेवढा वेळ बसणाऱ्याने हलू नये म्हणून त्याच्या मानेमागे लोखंडी आधार उभा करीत. पायांच्या मागे त्याची बैठक कधी कधी चित्रात दिसतेही. तेव्हा जुन्या तसबिरींतील तो सुप्रसिद्ध ताठा सर्वस्वी क्षात्रतेजाचा नव्हे, काहीसा या लोखंडाचाही आहे. काच तयार झाल्यावर तिच्याखाली अंड्याच्या पांढऱ्या बलकाचे पूट दिलेला कागद ठेवून उन्हात ठसा घेत. काच जेवढी, तेवढाच ठसा. यामुळे मोठे चित्र हवे तर मोठी काच, मोठा कॅमेरा आणि ते सर्व वाहण्यास गाड्या लागत. १८६७ साली लोहमार्ग अकोला व बडनेरा या मार्गाने नागपूरपर्यंत पोहोचला. मुंबईहून येणाऱ्या काचा, रसायने आणि स्वतः छायाचित्रकार यांचा प्रवास त्यानंतर सुलभ झाला, हे उघड आहे.

कॅमेऱ्यामागे प्रारंभी पुष्कळदा सैनिकच असे. वऱ्हाडच्या सीमेलगत, अजिंठ्यास, मद्रास लष्करातील मेजर रॉबर्ट गिल याने आयुष्याची तीन दशकांहून अधिक वर्षे घालविली. लेण्यांतील चित्रांच्या तैलरंगातील नकला करण्यासाठी त्याची नेमणूक झाली होती. त्या नकलांपैकी बहुतेक १८६६ च्या लंडनमधील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. परंतु त्याने घेतलेली छायाचित्रे १८६४ सालीच ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती, म्हणून ती उरली. १८७९ साली तो वारला. त्याची कबर भुसावळास आहे. मद्रास घोडदळातील विलोबी वॉलेस हूपर याच्याकडे तर १८६० नंतरच्या वर्षांत मध्य प्रांतातील लोकांची चित्रे घेण्याचे सरकारी कामच होते. याच हूपरने १८७६ ते १८७८ च्या मद्रासकडील दुष्काळात हाडांचे सापळे झालेल्या माणसांना रांगेने बसवून त्यांची चित्रे घेतली. कवायतीची शिस्त उपाशी माणसांवरही लादणारी ती चित्रे पाहताना आजही अस्वस्थ व्हावयास होते.

येथून आपण मुख्य प्रश्नाकडे येतो. त्या काळच्या लष्करी व्यक्तिचित्रांचे दोन भिन्न वर्ग आहेत आणि त्यांस एकच समजल्याने घोटाळा होतो. पहिल्या वर्गात अधिकाऱ्याने स्वतःच्या पैशाने घेतलेली तसबीर येते. ती कार्डाच्या आकाराची, डझनाने छापलेली. विलायतेतील आईस, बहिणीस, वाग्दत्त वधूस पाठविण्याची, पलटणीतील सोबत्यांस वाटण्याची आणि आल्बमात लावण्याची. तिच्यामागे नाव असते, पुष्कळदा तारीखही असते. दुसरा वर्ग ‘नमुन्याच्या’ चित्रांचा. यात शिपाई किंवा स्वार स्वतः गिऱ्हाईक नसतो; त्याला कोणी तरी उभे केलेले असते. चित्राचा हेतू तो माणूस दाखविण्याचा नसून त्याची जात, प्रांत किंवा पोशाख दाखविण्याचा असतो. या वर्गाचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे १८६८ ते १८७५ या काळात जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी संपादिलेला ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ. त्यात ४६८ छायाचित्रे आहेत. त्यांतील फार थोड्या माणसांची नावे दिली आहेत. इतरांची जमात दिली आहे, आणि तिच्या स्वभावाविषयी कधी स्तुतीचा, कधी निंदेचा अभिप्राय दिला आहे.

या ग्रंथातील मजकूर लिहिणाऱ्यांत कर्नल फिलिप मेडोज टेलर हा एक होता. त्याचे नाव येथे मुद्दाम घेतले आहे. ठगाच्या कबुलीजबाबावरील १८३९ च्या कादंबरीने तो मराठी वाचकांस परिचित आहे. परंतु त्याची सारी नोकरी निजामाच्या राज्यात, प्रथम याच कंटिंजंटमध्ये व नंतर मुलकी कारभारात गेली. १८५३ नंतर त्याच्याकडे नळदुर्गाचा कारभार होता, आणि १८५७ साली ऐन धामधुमीत त्याला उत्तर वऱ्हाडात बुलढाण्यास पाठविण्यात आले. तेथे हाताशी इंग्रज पलटण नसताना त्याने जिल्हा शांत ठेवला आणि इंग्रज फौजेला ओझ्याची जनावरे व गाड्या जमवून दिल्या. म्हणजे वऱ्हाडचा वसूल गोळा करणारा, त्या वसुलावर पोसलेल्या फौजेत पूर्वी नोकरी केलेला आणि पुढे चित्रांखाली ‘जमातीचे वर्णन’ लिहिणारा मनुष्य एकच. वर्णन करणारी दृष्टी आणि वसूल करणारी दृष्टी किती निकट होत्या, याचा याहून चांगला पुरावा शोधण्याची गरज नाही. टेलर हा सहृदय लेखक होता, त्याला दख्खनची भाषा व माणसे कळत होती. तरीही ग्रंथाची चौकटच अशी की तीत माणसाच्या नावाला जागा नव्हती.

आता शिलेदाराविषयी. हा विषय मराठी वाचकास विशेष जवळचा आहे आणि इंग्रजी ग्रंथांत त्याचा उलगडा बहुधा कोरडेपणाने केलेला असतो. शिवकालीन व पेशवेकालीन घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन वर्ग होते. बारगिराचा घोडा सरकारी पागेचा. शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येई. ही पद्धत इंग्रजांनी पुष्कळशा एतद्देशीय घोडदळात चालू ठेवली, आणि कंटिंजंटच्या घोडदळात तर ती जुन्या वळणाने दीर्घकाळ टिकली. घोडा, खोगीर, पोशाख, तलवार ही स्वाराची. बंदूक व दारूगोळा सरकारचा. सरकार दरमहा ठोक पगार देई आणि त्यातून स्वाराने स्वतःचे व घोड्याचे पोट भरावयाचे. दोन स्वार मिळून ओझ्याचे एक तट्टू व गवत कापणारा एक नोकर ठेवीत. घोडा मेला तर नवा घेण्यासाठी पलटणीत चंद्याचा निधी असे व त्यात प्रत्येकाच्या पगारातून रक्कम कापली जाई.

घोडदळातील या जागेला ‘असामी’ म्हणत. असामी ही मालमत्ता होती. ती विकत घेता येई, वारशाने मिळे, आणि एकेका मातबर रिसालदाराकडे अनेक असाम्या असत. त्या असाम्यांवर तो दुसऱ्यास बसवी. असा दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. मराठ्यांच्या फौजेत बारगीर सरकारचा असे, येथे तो असामीच्या धन्याचा झाला, हा अर्थातील पालट लक्षात घेण्यासारखा आहे. एकंदरीत कंटिंजंटचा रिसाला हा लढणाऱ्या माणसांचा समूह जितका, तितकाच भांडवल गुंतविलेल्या लोकांचा समूहही होता. आणि त्या भांडवलावरील व्याज वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतून निघत होते. १८६१ नंतर वऱ्हाडात मुंबई पद्धतीची मोजणी होऊन शेतकऱ्यावर रोख सारा बसला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे त्याच वर्षांत कापसाचा भाव वाढला व पुढे उतरला. सारा भावाबरोबर उतरला नाही.

ही व्यवस्था ध्यानात घेऊन तसबीर पाहिली म्हणजे तिचा अर्थ बदलतो. नमुन्याच्या चित्रात ‘दख्खनी मुसलमान स्वार’ म्हणून ज्याची नोंद झाली, तो चित्रकाराच्या दृष्टीने एका जमातीचा प्रतिनिधी असेल; पण त्याच्या स्वतःच्या दृष्टीने तो आपली मालमत्ता घेऊन उभा आहे. लगाम हातात घट्ट धरून घोड्याशेजारी उभे राहण्याची जी पद्धत या चित्रांत दिसते, तिच्यात या मालकीचा भाग आहे असे आम्हास वाटते. पायदळातील शिपायाचे तसे नाही. त्याचे हत्यार सरकारी, आणि तो ते सरकारी शिस्तीने धरतो. ओल्या काचेच्या काळात घोडा हे छायाचित्रकाराचे मोठेच दुखणे होते. स्वार श्वास रोखून उभा राही, घोडा शेपूट हलवी, कान टवकारी. चित्रात घोड्याच्या मुखाऐवजी धुके उमटे. म्हणून त्या काळात स्वार बहुधा पायउतार झालेला दिसतो. १८८० च्या सुमारास जिलेटिनच्या कोरड्या काचा बाजारात आल्या, प्रकाश देण्याचा वेळ सेकंदाच्या अंशावर आला, आणि घोडेस्वारांच्या रांगाच्या रांगा, दौडणारे रिसाले, कवायतीची मैदाने हे सर्व चित्रात येऊ लागले. शिलेदार घोड्यावर बसला तो तेव्हा.

याच वेळी रंगमंचावर लाला दीनदयाळ यांचा प्रवेश होतो. मीरतजवळील सरधना येथे १८४४ साली जन्मलेले, रूडकीच्या थॉमसन महाविद्यालयात स्थापत्याचे शिक्षण घेतलेले हे गृहस्थ इंदुरास सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. सर हेन्री डेली, सर लेपेल ग्रिफिन यांचा आश्रय त्यांस लाभला. ग्रिफिनबरोबर १८८२ साली त्यांनी मध्य हिंदुस्थानातील वास्तूंची चित्रे घेतली. पुढे सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांस दरबारी छायाचित्रकार नेमले आणि १८८६ साली सिकंदराबादेस त्यांची चित्रशाळा उघडली. हे स्थळ विचारपूर्वक निवडलेले होते. सिकंदराबादेस तैनाती फौजेची प्रचंड छावणी, थोड्याच अंतरावर बोलारमला कंटिंजंटचे ठाणे. आणि छावणीतील प्रत्येक अधिकारी म्हणजे एक संभाव्य गिऱ्हाईक. १८९२ साली पडदानशीन स्त्रियांसाठी त्यांनी हैदराबादेस वेगळी चित्रशाळा काढली व ती एका इंग्रज बाईकडे सोपविली. १८९६ साली मुंबईस शाखा निघाली. १८९७ साली व्हिक्टोरिया राणीची सनद मिळाली. निजामाने त्यांस ‘राजा’ हा किताब व ‘मुसव्विर जंग’ हे उपपद दिले. मुसव्विर म्हणजे चित्रकार. आपला ‘तसबीर’ हा शब्दही त्याच अरबी धातूपासून आला आहे. १९०५ साली ते निवर्तले. त्यांच्या चित्रशाळेतील २,८५७ काचा १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या, ही अत्यंत समाधानाची गोष्ट आहे.

दीनदयाळांच्या लष्करी चित्रांत एक सफाई आहे, ती केवळ तंत्राची नव्हे. ते गोऱ्या अधिकाऱ्यास जो प्रकाश देतात तोच सरदारास व जमादारास देतात. नमुन्याच्या चित्रांतील न्याहाळणी त्यांच्यापाशी नाही. परंतु धंदा तो धंदा. चित्रशाळेत काचांस अनुक्रमांक देत, तो काचेवरच कोरलेला असे आणि नोंदवहीत गिऱ्हाइकाचे नाव लिहीत. गिऱ्हाईक म्हणजे पैसे देणारा. कप्तान आपल्या रिसाल्याचे समूहचित्र घेई तेव्हा नोंद त्याच्या नावाची. मागे उभे असलेले दफेदार व स्वार त्या एका नावात सामावून जात. तेव्हा चित्रकार एतद्देशीय असला म्हणजे नावांचा प्रश्न सुटला, असे मानण्याचे कारण नाही. नाव कोण लिहितो हे नोंदवही कोणासाठी आहे यावर ठरते.

अशा चित्रांचे वाचन करताना काही व्यावहारिक गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली रंगाची. त्या काळच्या काचांस निळा प्रकाश फार लवकर लागे आणि तांबडा जवळजवळ लागतच नसे. यामुळे पायदळाचा तांबडा डगला चित्रात काळा दिसतो, निळा रंग फिकट पडतो आणि पिवळी किनार गडद होते. कंटिंजंटच्या घोडदळाचा पोशाख गर्द हिरवा. तोही काळाच दिसतो. केवळ छटेवरून पायदळ व घोडदळ ठरविणे म्हणूनच धोक्याचे. बूट, तलवारीचा पट्टा व फेट्याची बांधणी पाहावी. दुसरी गोष्ट दिशेची. काच हीच जेव्हा अंतिम चित्र असते, म्हणजे मागे काळा रंग देऊन पेटीत बसविलेली तसबीर असते, तेव्हा चित्र आरशातल्यासारखे उलटे येते. तलवार उजव्या बाजूस लटकलेली दिसली की स्वार डावखुरा होता असा तर्क करण्यापूर्वी सदऱ्याची गुंडी कोणत्या बाजूस आहे ते पाहावे. कागदी ठशात हा दोष नसतो.

तिसरी गोष्ट काळाची. पातळ, चौकोनी कोपऱ्यांचा पुठ्ठा साधारणपणे १८६० नंतरच्या दशकाचा. कोपरे गोल व पुठ्ठा जाड होत गेला तो नंतर. मोठ्या आकाराचे कॅबिनेट कार्ड १८६६ नंतरचे. कंटिंजंटच्या रिसाल्यांस १८९० साली ‘लान्सर’ हे नाव मिळाले. ते नाव पुठ्ठ्यावर असेल तर चित्र त्यापूर्वीचे नाही. दीनदयाळांच्या पुठ्ठ्यावर मुंबईच्या शाखेचा उल्लेख असेल तर ते १८९६ च्या अलीकडचे. खाकी पोशाख हिंदी फौजेत १८८५ च्या सुमारास सार्वत्रिक झाला, पण चित्रासाठी बसताना सैनिक ठेवणीतला रंगीत पोशाखच चढवी. यावरून खाकी नाही म्हणून चित्र जुने, असा निष्कर्ष काढता येत नाही.

आणखी एका गैरसमजाकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. वऱ्हाडात एखाद्या जुन्या घरी अशी तसबीर सापडली की ती घरातील पूर्वजाची असेच गृहीत धरले जाते. ते खरे असू शकेल. परंतु कंटिंजंटच्या पायदळात मोठा भरणा हिंदुस्थानातील, म्हणजे अयोध्या व त्याभोवतालच्या मुलखातील लोकांचा होता, आणि घोडदळात दख्खनी मुसलमान बरेच होते. वऱ्हाडच्या कुणब्याने पैसा दिला, माणसे फारशी दिली नाहीत. कार्डे वाटली जात, विकली जात, आल्बमात भरण्यासाठी जमविली जात. तेव्हा पाठीमागील अक्षरे, शिक्का, अनुक्रमांक यांची नक्कल प्रथम करून घ्यावी. पुठ्ठा सोलून काढू नये, चित्रावर प्लास्टिकचा कागद उष्णतेने चिकटवू नये, आणि घरातील वृद्धांस ज्यांची नावे स्मरतात ती मऊ शिसपेन्सिलीने मागे लिहून ठेवावी. अंड्याच्या बलकाचे ठसे उजेडाने पिवळे पडून विरत जातात. त्यांस फार काळ उरलेला नाही.

५ नोव्हेंबर १९०२ रोजी लॉर्ड कर्झन व निजाम यांच्यात करार होऊन वऱ्हाड २५ लाख रुपये वार्षिक खंडाने इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने गेले. १९०३ च्या ऑक्टोबरपासून ते मध्य प्रांतास जोडले गेले. कंटिंजंट हे नाव त्याच वर्षी संपले. रिसाल्यांचे विसावे डेक्कन हॉर्स, एकोणतिसावे व तिसावे लान्सर असे रूपांतर झाले आणि सहा पायदळ पलटणींस ९४ ते ९९ हे क्रमांक मिळाले. शिलेदारी पद्धत पहिल्या महायुद्धाच्या खर्चापुढे टिकली नाही. ती १९२१ च्या सुमारास बंद झाली. १९२२ साली या पायदळाची १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली, १९४५ साली तिचेच नाव कुमाऊं रेजिमेंट असे पडले. बडगाम येथे ३ नोव्हेंबर १९४७ रोजी धारातीर्थी पडून पहिल्या परमवीर चक्राचे मानकरी ठरलेले मेजर सोमनाथ शर्मा ज्या चौथ्या कुमाऊं पलटणीचे होते, तिचा वंश ९८ व्या पायदळामार्गे एलिचपूरच्या सलाबतखानाच्या शिबंदीपर्यंत मागे नेला जातो. सहा पलटणींपैकी वऱ्हाडचे नाव एकीलाच मिळाले. ९६ वी ‘बेरार इन्फन्ट्री’ ती हीच. तिच्या रांगांत पुढे अहीर, जाट व कुमाऊंनी जवान भरती होत गेले, आणि ज्या प्रांतात त्यांच्यापैकी बहुतेकांचे घर नव्हते त्या प्रांताचे नाव ते कुमाऊं रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीत कंसातील ‘बेरार’ या शब्दाने वागवीत राहिले.